अप्पांच्या छातीचा हिशेब

आमच्या खात्यात एक नियम आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा हिशेब आपण करायचा नाही. तो कुठे लिहिलेला नाही, भिंतीवर लावलेला नाही, पण सगळे पाळतात. आपल्या माणसाच्या बाबतीत आकडा मनासारखा यावा असं वाटायला लागतं, आणि मग तो तसाच येतो. नव्याने लागणाऱ्यांना हा नियम मीच सांगत आले, चांगला ठासून. अप्पांच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा तो माझ्यावरच उलटला.

मी हुबळीच्या एका इस्पितळात किरणोपचार खात्यात काम करते. डॉक्टर नाही. लग्नकार्यात कोणी 'ह्या आमच्या डॉक्टरीणबाई' अशी ओळख करून दिली की मी दुरुस्ती करते, मग 'मग तुम्ही करता काय?' असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर संपायच्या आत पंगत बसते. उत्तर असं आहे. गाठ कुठे आहे आणि तिला किती मारा द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो मारा फोटॉनचा असतो. फोटॉन म्हणजे प्रकाशाचेच कण, पण भलत्या ताकदीचे. ते अंगात शिरतात, वाटेत एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतात, आपली थोडी ऊर्जा त्याला देतात आणि दिशा बदलून पुढे जातात. धक्का खाल्लेला इलेक्ट्रॉन धावत सुटतो आणि धावता धावता ती ऊर्जा आजूबाजूच्या पेशींत सांडत जातो. पेशी मरतात त्या या सांडण्याने. ऊर्जा कुठे दिली गेली, कुठे सांडली आणि किती, याचा हिशेब मी करते. गाठीत पुरेशी पडायला हवी, शेजारच्या मणक्यात पडायला नको. एवढंच काम, आणि त्यात माझं उभं आयुष्य गेलं.

अप्पांनी या कामाबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नाही.

हे सांगताना लोकांना वाटतं, जुन्या काळचे वडील असतील, अबोल. अबोल कसले. धारवाडच्या एका हायस्कुलात त्यांनी गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथल्या आमच्या सगळ्या मळमड्डी भागाला प्रश्न विचारत सुटले. गॅसवाल्याला रेग्युलेटरमधला पडदा कसा दबतो ते विचारतील. रिक्षावाल्याला मीटर कशावर पळतो ते विचारतील, कन्नडात, आणि तो चुकला तर तिथेच उभं राहून त्याला समजावून सांगतील. शेजारच्या वकिलांची सून बँकेत लागली तर चक्रवाढ व्याज संगणक कसं काढतो हे तिला विचारून विचारून त्यांनी हैराण केलं. मी घरी गेले की मात्र, "जेवलीस काय? बस मिळाली काय?" नवं मशीन आलं तेव्हा मी दिवाळीत मुद्दाम विषय काढला. "बरं झालं," म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला उठले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने बापाने आपल्याला एक प्रश्न विचारावा म्हणून झुरत बसावं, हे शोभत नाही. पण मी झुरत होते. आई असती तर तिने सांगितलं असतं त्यांना. आई जाऊनही बरीच वर्षं झाली.

तर गाठ. लहान होती, फुप्फुसाच्या मध्यभागी नाही, जरा बाहेरच्या बाजूला. वय आणि हृदय दोन्ही बघता शस्त्रक्रिया नको, किरणांनीच जाळू, थोड्याच बैठका, पण दर बैठकीला जोरदार मारा, असं ठरलं. असा मारा अचूक लागतो. विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि अप्पांचा प्लॅन, म्हणजे त्यांच्या माऱ्याचा सगळा हिशेब, तिच्याकडे देतोय असं सांगितलं.

ती म्हणजे आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी. मुलगी म्हणायचं, तिशीला टेकली होती. हुबळीच्याच मराठी घरातली, वडील रेल्वेत फिटर होते, आता सगळे रायापूरला राहायला गेलेले. बाहेर राहून डॉक्टरेट करून आली होती, आणि तिचा विषयच हा: फुप्फुसासारख्या पोकळ जागेत फोटॉनची ऊर्जा नेमकी कुठे पडते. म्हणजे अप्पांचा प्लॅन तिच्याकडे जाणं हे शंभर टक्के योग्य होतं. म्हणून तर माझा अधिक तिळपापड झाला. चुकीच्या माणसाकडे गेला असता तर भांडता तरी आलं असतं. तिच्यात नावं ठेवायला जागा नव्हती असं नाही. ती माझी पेनं उचलून न्यायची आणि परत द्यायची नाही. काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणायची. आणि मला 'अक्का' म्हणायची. तिच्याआधी खात्यात मला सगळे 'मॅडम' म्हणत. हिच्यामुळे महिन्याभरात झाडूवाल्या बाईपासून सगळ्यांची मी अक्का झाले.

अप्पांना स्कॅनसाठी आणलं त्या दिवशी मी काचेच्या अलीकडे उभी होते. नियमाप्रमाणे मी तिथेही नको होते, पण मुलगी म्हणून कोणी हाकललं नाही. ती त्यांना श्वास कसा धरायचा ते शिकवत होती. श्वासाबरोबर गाठ वर-खाली होते, म्हणून आम्ही लोकांना एका मापाचा श्वास धरायला लावतो. अप्पांनी विचारलं, "का?" तिने सांगितलं. अप्पांनी विचारलं, "पण किरणांना काय कळतं, कुठं गाठ आणि कुठं फुप्फुस?" मी काचेला नाक लावलं. हा प्रश्न, अगदी हाच, मी कित्येक वर्षं तोंडात उत्तर धरून वाट बघत असलेला, ते पडल्या पडल्या कोणा परक्या मुलीला विचारत होते.

तिने उत्तर दिलं ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. ती म्हणाली, "सर, डबाभर चुरमुरे घ्या आणि मध्ये एक पेढा दाबून ठेवा. चुरमुरे म्हणजे तुमचं फुप्फुस. सगळी हवाच की. पेढा म्हणजे गाठ. फोटॉनला चुरमुऱ्यांत धडकायला फारसं काही मिळत नाही, पेढ्यात मिळतं."

अप्पा हसले. टेबलावर उघड्या अंगाने, हात डोक्यावर घेऊन पडलेला म्हातारा माणूस हसला. मी दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे घनतेचा तक्ता लावून हेच शिकवते. चुरमुरे मला सुचले नव्हते. चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊन वाढलेली बाई मी, आणि मला चुरमुरे सुचू नयेत!

स्कॅननंतर प्लॅन तयार व्हायला काही दिवस जातात. त्या दिवसांत अप्पांना रक्त तपासायला, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला येणं-जाणं होतं. माझं घर हुबळीतच विद्यानगरला, म्हणजे इस्पितळातून मळमड्डीच्या उलट्या बाजूला. तिचं रायापूरला, धारवाडच्याच वाटेवर. तेव्हा एकदा माझी मीटिंग लांबली आणि तिने अप्पांना स्कूटरवरून घरी सोडलं. पुढच्या वेळी मीटिंग नव्हती, तरी अप्पाच म्हणाले, "तुला कशाला उलटा फेरा? ती जातेच आहे की." सोयीचं बोलत होते. सोयीच्या बोलण्यावर रुसता येत नाही, हा त्या बोलण्याचा दुष्टपणा.

रविवारी मी भाकरी आणि मुळ्याची भाजी घेऊन मळमड्डीला गेले. फाटकाशीच तिची स्कूटर दिसली. दोघं पुढच्या कट्ट्यावर समोरासमोर बसले होते. मध्ये खडूने आखलेला मोठा पट. आधी मला वाटलं चौकाबारा खेळताहेत. लहानपणी अप्पा माझ्याशी याच कट्ट्यावर खेळायचे, आणि कवड्याही त्याच होत्या. पण पट निराळा होता. लांबच लांब चौकोनांच्या ओळी, बरेचसे ठिपके मारलेले, आणि मधोमध काही चौकोन खडूने भरून काढलेले. शेजारी चिंचोक्यांचा ढीग.

मी विचारायच्या आधीच अप्पा सांगायला लागले, खेळातून डोकं वर न काढता. ठिपक्यांचे चौकोन म्हणजे चुरमुरे. भरलेले म्हणजे पेढा. मूठभर चिंचोके घेऊन एक फोटॉन कडेने आत शिरतो. कवड्या टाकायच्या. पेढ्यात चारही एकसारख्या पडल्या तर धडक, चुरमुऱ्यांत चारही पालथ्या पडल्या तरच, नाहीतर एक घर पुढे. धडक झाली की निम्मे चिंचोके इलेक्ट्रॉनला द्यायचे. तो सुटतो आणि वाटेत एकेक चिंचोका टाकत जातो: पेढ्यात दर घराला एक, चुरमुऱ्यांत तीन घरांना एक, कारण तिथे त्याला अडवायला कोण आहे? उरलेले चिंचोके घेऊन फोटॉनने पुन्हा कवड्या टाकायच्या. असे फोटॉन सोडत राहायचे. एकाचं काय होईल ते देवालाही सांगता येत नाही, पण पुष्कळ सोडले की पटावर आपोआप चित्र उमटतं. "ह्यांचा संगणक हेच करतो," अप्पा मला म्हणाले. मला! "फक्त कोट्यवधी सोडतो."

मी डबा घेऊन तशीच उभी होते. म्हटलं, भाकरी गार होईल.

"थांब गं, एक फोटॉन जाऊ दे की," अप्पा म्हणाले.

तो फोटॉन गेला, आणखी गेले. मग अप्पा वाकून पटाकडे बघत राहिले. भरलेल्या चौकोनांच्या मध्यावर चिंचोके चांगले साठले होते, पण त्यांच्या काठाकाठाच्या घरांत विरळ होते. "काठाला कमी का पडतात?" त्यांनी विचारलं. तिने लगेच सांगितलं नाही, ते मला आठवतं. तिने त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं. अप्पांनी कानामागे खडू खोचला, शाळेत खोचायचे तसा, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "काठावर सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेर चुरमुऱ्यांत पळून जातात. आणि चुरमुऱ्यांतनं आत यायला कोण नाहीच. तिथं धडकाच कमी."

"बरोबर, अप्पा," ती म्हणाली.

सर नाही, अप्पा. धारवाडात कोणीही कोणत्याही म्हाताऱ्याला अप्पा म्हणतं, त्यात काही नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी तिथे थांबले नाही. मी आत जाऊन पानं घेतली. ती जेवायला थांबली आणि भाजी दोनदा घेतली.

घरी आले आणि अप्पांचा हिशेब करायला बसले. नियम मोडला असं मला तेव्हा वाटलं नाही. हिशेब वापरायचा नाही, करायला कोण अडवतं, असा मी अर्थ लावला. तिचा प्लॅन मी खात्यात पडद्यावर पाहिला होता, तिने यंत्राचा जोर किती धरलाय तो आकडा लक्षात होता. मी कागद घेतला आणि आमच्या पिढीला शिकवलेल्या पद्धतीने हाताने मांडलं. त्या पद्धतीत फुप्फुस म्हणजे पातळ पाणी धरायचं: जाडी कमी करून घ्यायची आणि पाण्याची कोष्टकं लावायची. उत्तर आलं ते तिच्या उत्तराहून जास्त होतं, चांगलंच जास्त. म्हणजे तिने धरलेल्या जोराने अप्पांच्या गाठीत आणि आजूबाजूला हवी त्याहून अधिक ऊर्जा पडणार होती. मी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. मला काळजी वाटायला हवी होती, आणि वाटलीही असेल, पण सगळ्यात आधी वाटलं ते हे, की सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद विभागप्रमुखांपुढे ठेवला. ती तिथेच होती. त्यांनी नियमाची आठवण करून दिली नाही. कागद वाचला आणि तिच्याकडे दिला. माझी अपेक्षा होती ती चिडेल, निदान लाल होईल. तिने तो नीट वाचला आणि म्हणाली, "अक्का, पद्धत जुनी आहे, पण शंका काढलीत ते बरं केलंत. मोजून बघू." हा सभ्यपणा मला थपडेसारखा लागला.

मोजायला आमच्याकडे छातीचा एक पुतळा आहे. पुतळा कसला, पाट्यांची चळत: छातीच्या भिंतीसाठी मेणाच्या पाट्या, फुप्फुसासाठी बुचाच्या, आणि मधल्या पाटीला भोक पाडून त्यात मेणाचा एक गोळा, गाठीच्या आकाराचा. दोन पाट्यांच्या मध्ये फिल्म ठेवायची आणि खरा मारा द्यायचा. जिथे जितकी ऊर्जा सांडते तिथे फिल्म तितकी गडद होते. इथे कोणाचा हिशेब चालत नाही. पाट्या मी स्वतः रचल्या, तिला हात लावू दिला नाही. फिल्म मी ठेवली. बटण मात्र तिने दाबलं, कारण तेवढ्यापुरता तरी नियम पाळायचा होता.

फिल्म वाचून झाली. मधला गडद गोल, आणि त्याच्या काठाकाठाने फिका होत गेलेला रंग, आकड्यांसकट तिच्या प्लॅनसारखाच. माझ्या कागदाने सांगितलेलं जास्तीचं काही त्यात नव्हतं. काठाला कमी पडतं म्हणून तर तिने जोर वाढवून धरला होता. माझ्या हिशेबाने जोर उतरवला असता तर अप्पांच्या गाठीचा काठ उपाशी राहिला असता, आणि काठ राहिला की गाठ पुन्हा वाढते.

हे मला माहीत नव्हतं, असं कोणी समजू नये. फोटॉन ऊर्जा देतो एका ठिकाणी, इलेक्ट्रॉन ती सांडतो पुढे जाऊन, आणि फुप्फुसासारख्या पोकळीत हे अंतर वाढतं, म्हणून अशा अरुंद झोताच्या माऱ्याला जुनी पद्धत लावू नका, हे माझ्या व्याख्यानातलं वाक्य आहे. आदल्या दिवशी मळमड्डीच्या कट्ट्यावर चिंचोके विरळ पडलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या सत्तरी पार केलेल्या बापाला कवड्या टाकून जे कळलं ते मी त्याच संध्याकाळी कागदावर विसरले. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर स्वच्छ दिसत होतं, फक्त तीच दिसत होती.

तिने माझा कागद मला परत दिला. मी तो पर्समध्ये टाकला आणि डोकं दुखतंय असं सांगून घरी गेले.

बैठका सुरू झाल्या. अप्पा टेबलावर पडत, श्वास धरत, मशीन त्यांच्याभोवती फिरे, आणि बाहेर पडद्यावर त्यांच्या श्वासाची रेघ सपाट होऊन थांबे. मी त्या रेघेकडे बघत असे, ती आकड्यांकडे. प्रत्येक बैठकीनंतर अप्पा बाहेर येऊन आधी तिला विचारत, आज कसं झालं. ती सांगे. मग माझ्याकडे वळून म्हणत, "चहा घेऊ या काय?" आम्ही तिघं कँटीनमध्ये जात असू आणि मी चहाचे कप आणत असे. एकदा त्यांनी तिला विचारलं, एवढी ऊर्जा अंगात पडते तर अंग तापत कसं नाही? ती म्हणाली, सगळी मिळून त्या चहाच्या घोटाइतकीसुद्धा ऊब होत नाही, पण पडते ती नेमक्या ठिकाणी. अप्पा कप हातात धरून किती तरी वेळ बघत बसले. मी बिस्किटं सगळी संपवली.

शेवटच्या बैठकीला ती नव्हती. बेळगावला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. प्लॅन ठरलेला, मशीन ठरलेलं, तिची गरज नव्हती. बैठक झाली आणि अप्पांना मी माझ्या गाडीतून घरी सोडायला निघाले. रायापूर गेलं तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हणाले, लग्नात तिला जेवायला बरं मिळालं असेल. मी गिअर बदलला. बोलले असते तर गाडी कुठे तरी आपटली असती.

घरी त्यांना कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. दुपारची वेळ होती, समोरच्या शाळेतली मुलं जेवायला सुटली होती. खडूचा पट पुसट झाला होता. मी त्या पटावरच बसले आणि विचारून टाकलं. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

"मला का नाही विचारलंत कधी? सगळ्या गावाला विचारता. तिला विचारलंत. मी काय पाप केलं होतं?"

अप्पांना मी काय म्हणते ते लगेच कळलं. त्यांनी नाटक केलं नाही. पेला खाली ठेवला, आणि मला वाटलं आता उठतील आणि कुंड्यांकडे जातील. उठले नाहीत.

"तू एमएस्सी करत होतीस," ते म्हणाले. "सुट्टीला आलतीस. इथंच वाचत बसली होतीस. मी मागनं येऊन पुस्तकात बघितलं. एक ओळ कळंना. दुसरी बघितली, तीही कळंना. धारवाडातली निम्मी पोरं माझ्याकडं गणित विचारायला येत होती त्या वेळी, आणि माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या पुस्तकातलं मला कळंना. लई लागलं ते मला."

"मग विचारायचं की."

"कसं विचारू? तू सांगितलं असतंस आणि मला नसतं कळलं तर? जळलो गं मी. दुसरं काय. बापानं जळू नये पोरीवर, पण जळलो."

"आणि तिला विचारताना?"

"ती परकी. परक्याच्या पोरीपुढं अडाणी व्हायला काय जातंय?"

कोणी म्हणेल, हे ऐकून मला भरून आलं असेल. तसं झालं नाही. मला आधी आनंद झाला, चांगला उकळ्या फुटणारा आनंद. इतकी वर्षं कोणी तरी माझ्यावर जळत होतं, आणि तेही अप्पा. मग त्या आनंदाचा राग आला. मग त्या सगळ्या वर्षांचं वाईट वाटलं. दिवाळ्या, कुंड्या, जेवलीस काय, बस मिळाली काय. दोघंही एकाच घरात एकाच रोगाने आजारी, आणि एकमेकांना ठणठणीत समजत होतो.

अप्पांनी पेला उचलून उरलेलं पाणी संपवलं. गाठ आकसली की नाही हे कळायला अजून काही महिने होते, आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "तू पण माझा हिशेब केला होतास म्हणे. ती सांगत होती."

"केला होता."

"चुकला म्हणे."

"चुकला."

"दाखव की."

तो कागद पर्समध्येच होता. टाकवला नव्हता. घडी मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला, कागद मांडीवर सरळ केला आणि पेपर तपासायला घेतल्यासारखे वरपासून बघू लागले. मी वाट बघत होते, ते थेट खाली जातील, चूक कुठे आहे ते विचारतील. पण त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं आणि तिथून हललं नाही. समोरची मुलं शाळेत परत गेली, रस्ता मोकळा झाला, तरी ते पहिल्याच ओळीवर होते.

"ही ओळ मला कळली नाही," ते म्हणाले. "समजावून सांग."

मी सांगायला लागले. सवयीने भरभर, फळ्यापुढे उभी असल्यासारखी, हे अक्षर म्हणजे काय, हा घात का उणे, पाण्याची जाडी इथे कशी आली. त्यांनी हात वर केला.

"हळू सांग," अप्पा म्हणाले. "तुझं कळायला मला वेळ लागतो. तिचं लगेच कळतं."

मला राग आला. कागद त्यांच्या मांडीवरून माझ्याकडे सरकवला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि हळू सांगायला लागले.